भंगारातलं सूर्यफूल

केबलवाल्याच्या गच्चीवरून उतरवलेल्या आठ फुटी डिशचा अ‍ॅक्चुएटर, टेम्पोचा बेअरिंगसकट हब, एखाद्या मोडीत निघालेल्या गाडीची वायपर मोटार. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारली तर हा सगळा ऐवज बऱ्यापैकी स्वस्तात हाती लागतो. मुळशीत शेतघर असलेल्या आणि हातात पाना धरता येणाऱ्या माणसाला पुढची कल्पना आपोआप सुचते: यातून सूर्याच्या मागे मान वळवणारं पॅनेल का करू नये? माझं उत्तर आधीच सांगून टाकायला हवं. हौस म्हणून जरूर करावं, पण जास्त वीज मिळेल या आशेने मुळशीत करू नये. आणि करायचंच ठरलं, तर पॅनेल फिरवायचं कसं याच्या आधी ते वाऱ्यात धरून ठेवायचं कसं, याचा हिशेब मांडावा. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो.

आधी फायद्याचा हिशेब. पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरणारं पॅनेल स्वच्छ उन्हाच्या मुलखात वर्षाकाठी साधारण 15 ते 25 टक्के जास्त वीज देतं. 540 वॉटचं एक पॅनेल पुण्याच्या परिसरात चांगल्या दिवशी दोन-सव्वादोन युनिट देतं असं धरलं, तर वरची कमाई झाली अर्ध्या युनिटच्या आत-बाहेर. आता या यंत्राचा मेंदू, म्हणजे रिले आणि छोटा कंट्रोलर, पाच वॉट खात रात्रंदिवस जागा राहिला तर 24 तासांत 0.12 युनिट त्यानेच गिळलं. एकाच पॅनेलसाठी हा खटाटोप असेल तर कमाईचा चौथा हिस्सा राखणदारालाच गेला म्हणायचा. मोटारीचा खर्च त्यामानाने किरकोळ, कारण ती काही सेकंदच चालते. लोक काळजी मात्र मोटारीचीच करतात.

शिवाय ही टक्केवारी उघड्या माळरानाची आहे, मुळशीची नव्हे. फिरत्या पॅनेलची खरी कमाई सकाळच्या पहिल्या आणि संध्याकाळच्या शेवटच्या दोन तासांत असते; दुपारी स्थिर पॅनेलही सूर्याकडेच पाहत असतं. आणि खोऱ्यातलं तेच ऊन डोंगर अडवतात. आपल्याकडे मार्च किंवा सप्टेंबरात सूर्य उगवल्यावर तासाला साधारण 14 अंश वर चढतो. एक किलोमीटरवर 250 मीटर उंचीची डोंगराची सोंड पूर्वेला असेल, तर ती क्षितिजावर 14 अंशच उठते. म्हणजे पहिला तास गेला. पश्चिमेलाही तसाच डोंगर असेल तर शेवटचाही गेला. त्यात जून ते सप्टेंबर ताम्हिणीकडून ढग उतरले की ऊन एका दिशेने येतच नाही, साऱ्या आभाळातून पसरून येतं. अशा दिवशी सूर्य शोधत फिरणाऱ्या पॅनेलपेक्षा आडवं पडून राहिलेलं पॅनेल जास्त कमावतं.

आता वारा. डिशचा अ‍ॅक्चुएटर दणकट असतो हे खरं, पण तो ज्या डिशसाठी बनला ती बहुधा जाळीची होती आणि जाळीतून वारा निघून जातो. आपल्याच जिल्ह्यात खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस थाळ्या उभ्या आहेत. त्या इतक्या हलक्या आणि तुलनेने स्वस्त करता आल्या त्या पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी वापरल्यामुळे. तरीही वारा मर्यादेबाहेर गेला की त्यांना आभाळाकडे तोंड करून स्वस्थ ठेवतात. सोलर पॅनेल म्हणजे मात्र अख्खं शीड. 540 वॉटच्या पॅनेलचं क्षेत्रफळ सुमारे अडीच चौरस मीटर. ताशी 100 किलोमीटरचा वारा त्यावर समोरून आदळला तर ढोबळमानाने 120 किलोचा रेटा बसतो, आणि वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. हे वारे कल्पनेतले नाहीत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढून घाट ओलांडून आलं, तेव्हा मुळशी-मावळात घरांचे आणि शेडचे पत्रे उडाले. पण चक्रीवादळाचीही गरज नाही. मे महिन्यातला एक वळीव पुरतो. त्याहून वाईट काम रोजच्या साध्या झुळका करतात. अ‍ॅक्चुएटरच्या टोकाला जो बोल्ट असतो त्याच्या भोकात केसाएवढा प्ले असला, तरी प्रत्येक झुळकीला तिथे एक ठोका बसतो. भोक हळूहळू लंबगोल होतं, प्ले वाढतो, ठोका जड होतो. एके दिवशी बोल्ट तुटतो तेव्हा दोष वादळाला दिला जातो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: सामान तर फुकटात पडतंय. सामान पडतं, पण वेल्डिंग, पायाचं काँक्रीट, जाड खांब आणि केबल भंगारात मिळत नाही. पॅनेल सोन्याच्या भावाचं होतं तेव्हा त्यातून शेवटचा थेंब पिळून काढण्यात अर्थ होता. आता पाच पॅनेल असलेल्याने सहावं बसवलं की वीस टक्के तिथेच मिळाले, तेही न हलता. दुसरा आक्षेप: मोठ्या सौर प्रकल्पांत तर ट्रॅकर असतात. असतात, पण तिथे सपाट मोकळी जमीन असते, एकेक मोटार कितीतरी पॅनेल ओढते, वारा मोजून पॅनेल आडवी केली जातात आणि देखभालीला माणूस असतो. शेतघराचा मालक शनिवारी येतो. मंगळवारी लिमिट स्विचच्या डबीत कुंभारणीने मातीचं घरटं केलं आणि पॅनेल पूर्वेलाच अडकलं, तर चार दुपारी वाया. स्थिर पॅनेलला हा आजार होतच नाही. शिर्डीच्या प्रसादालयावरच्या सौर थाळ्यांचं उदाहरणही दिलं जातं. पण त्या आरशासारख्या आहेत, ऊन एका ठिकाणी गोळा करून पाण्याची वाफ करतात; सूर्य हुकला की वाफच नाही. पॅनेल इतकं हट्टी नसतं. 15 अंशांनी हुकलं तरी थेट उन्हातला तोटा साडेतीन टक्क्यांच्या आत राहतो.

एका आक्षेपापुढे मात्र मी नमतं घेईन. बॅटरीविना थेट पॅनेलवर चालणारा पाण्याचा पंप असेल तर गोष्ट वेगळी. पंपाला सुरू व्हायला किमान जोर लागतो; पॅनेल सकाळी पूर्वेला कललेलं असेल तर तो लवकर सुरू होतो आणि संध्याकाळी पश्चिमेला कललेलं असेल तर उशिरापर्यंत ओढतो. म्हणूनच सौर कृषिपंपांच्या कित्येक सांगाड्यांना पॅनेल हाताने कलवायची सोय असते. मुळशीत ज्याला भंगारातून काही करायचंच आहे त्याने हेच करावं. टेम्पोचा हब उत्तर-दक्षिण आडव्या पाइपाला लावावा, मोटार आणि सेन्सर विसरावेत, आणि जाड पट्टीला खुंटीसाठी तीन भोकं पाडावीत: सकाळचं, दुपारचं, संध्याकाळचं. वायपर मोटार बसवायचीच असेल तर उजेडाच्या सेन्सरऐवजी घड्याळावर चालवावी. ढग आला की सेन्सर वेड्यासारखा इकडेतिकडे शोधतो, घड्याळाला ढग दिसत नाही. अ‍ॅक्चुएटर वापरलाच तर त्याच्या नळीचं पाणी निथळायचं भोक खालच्या बाजूला यायला हवं, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात आतल्या ग्रीसचं पांढरं लोणी होतं. मधल्या भोकाची खुंटी सगळ्यांत जाड असावी, कारण पॅनेल आडवं ठेवून वळीव आणि अख्खा पावसाळा तीच सोसणार. तिला साखळीने सांगाड्यालाच अडकवून ठेवावं. वारा सुटल्यावर गवतात खुंटी शोधायला वेळ नसतो.