श्रोत्याची नोंद आणि मुक्ति

मोबाईलचें यंत्र वरून स्वस्थ दिसलें तरी आंत सारख्या वर्द्या फिरत असतात. चार्जर जोडला, बॅटरी उतरली, एक मिनिट उलटलें, अशा घटनांची दवंडी अँड्रॉइड ही कार्यप्रणाली पिटते. ती ऐकूं इच्छिणाऱ्या अ‍ॅपनें ‘ब्रॉडकास्ट रिसीव्हर’ नांवाचा श्रोता नेमून त्याची नोंद प्रणालीपाशीं करावयाची असते. नोंद करणें सोपें. ती वेळेवर काढणें हेंच खरें काम, आणि तें आम्ही फजितीनें शिकलों.

आमच्या वर्गांत एक दृष्टिहीन सोबती आहे. त्याच्यासाठीं गेल्या पावसाळ्यांत आम्हीं एक लहानसें अ‍ॅप रचिलें. चार्जर जोडतांच त्यानें ‘वीज सुरू’ असें बोलावें, एवढीच अपेक्षा. पहिल्या दिवशीं तें नीट बोललें. दुसऱ्या दिवशीं तेच शब्द एकामागून एक चार वेळां ऐकूं आले. आम्हांस हंसूं आलें. पण त्या सोबत्यास वाटलें कीं, पिन सैल असून वीज येत-जात आहे, आणि तो अर्धा तास तारच चाचपीत बसला. तें पाहिल्यावर आमचें हंसणें थांबलें.

फोन आडवा-उभा केला म्हणजे अँड्रॉइड साधारणतः पडद्यावरील ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ मोडून नवी उभारते. आम्हीं ‘ऑन-क्रिएट’मध्यें नोंद केली होती, आणि तीहि अ‍ॅक्टिव्हिटीच्या नव्हे, तर सबंध अ‍ॅपच्या नांवें. अ‍ॅक्टिव्हिटीच्या नांवची नोंद विसरली असती, तर अ‍ॅक्टिव्हिटी मोडतांना प्रणालीनें तक्रार टिपून ती स्वतःच काढली असती. अ‍ॅपच्या नांवची नोंद मात्र अ‍ॅप चालू असेपर्यंत टिकते. फोन तीन वेळां फिरला, श्रोते चार झाले! शाळा सोडून गेलेल्या मुलाचें नांव हजेरीपटावर राहावें, आणि हांक मारतांच त्यानेंहि ‘हजर’ म्हणावें, तसला हा प्रकार. शिवाय जुना श्रोता जुन्या अ‍ॅक्टिव्हिटीस धरून बसतो, म्हणून तिनें अडविलेली मेमरीहि मोकळी होत नाहीं.

आतां आम्ही ‘ऑन-स्टार्ट’मध्यें नोंद करतों व ‘ऑन-स्टॉप’मध्यें ती काढतों. ही जोडी मोडूं नये. एकच नोंद दोनदां काढूं गेल्यास अ‍ॅप तत्काळ कोसळतें. तेंहि आम्हीं करून पाहिलें आहे.

‘मॅनिफेस्ट’मध्यें श्रोत्याचें नांव लिहून अ‍ॅप बंद असतांहि ऐकण्याची सोय पूर्वीं सढळ होती. पण एका दवंडीनें अनेक निजलेलीं अ‍ॅपें एकदम जागीं होत व फोन मंदावे. म्हणून २०१७ मधील अँड्रॉइड ८ पासून, त्या किंवा पुढील आवृत्तीसाठीं बांधलेल्या अ‍ॅपांस, बहुतेक सार्वत्रिक दवंड्यांपुरती ती सोय राहिली नाहीं. फोन नुकताच सुरू झाल्याच्या वार्तेसारखे अपवाद आहेत. चार्जर जोडल्याची वार्ता त्यांत नाहीं.

त्यामुळें अ‍ॅप समोर उघडें असेल तेव्हांच आमच्या सोबत्यास ‘वीज सुरू’ ऐकूं येतें, पण एकदांच. पडदा मिटला कीं तें मुकें. ‘फोरग्राउंड सर्व्हिस’ लिहून पाहावी, असें आतां त्यानेंच सुचविलें असून नाताळच्या सुटींत तें काम आम्ही हातीं घेणार आहों.