कर्ज फेडणाऱ्या घरात जिलेबी आणावी का?



सोयाबीन विकून होते, कापसाची पहिली वेचणी बाजारात जाते आणि नाताळ जवळ येतो. नेमके त्याच दिवसांत बँकेचे, बचत गटाचे आणि कंपनीच्या कर्जाचे हप्तेही समोर उभे असतात. मग घराघरांत एकच वाद सुरू होतो. एक म्हणतो, "डोक्यावर कर्ज असताना नवे कपडे कशाला?" दुसरी म्हणते, "लेकरांनी वर्षभर काही मागितले नाही." दोघांचेही म्हणणे खरे असते, म्हणूनच हा वाद मिटत नाही. आज ह्या विषयावर थोडा विचार करू या.

प्रथम एक जुना गैरसमज पाहू. गरीब माणूस हौसेमौजेमुळे कर्जबाजारी होतो, असे सर्रास म्हटले जाते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. त्यांनी कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात ह्याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. मराठी कुणबी लग्नकार्याच्या उधळपट्टीने बुडतो, असे तेव्हाच्या बऱ्याच साहेबांचे ठाम मत होते. परंतु आयोगाचा निष्कर्ष वेगळा निघाला. लग्न व सणांच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असे आयोगाने नोंदवले. असे प्रसंग क्वचित येतात, आणि काही वर्षांचा हिशोब धरला तर हा खर्च त्या माणसाने घरच्या व समाजातल्या आनंदासाठी करावा त्याहून अधिक होत नाही, असेही त्याने म्हटले. बेभरवशाचा पाऊस, न चुकणारा सरकारी सारा आणि व्याजावर चढणारे व्याज ही खरी दुखणी होती. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे त्या चौकशीत तो नव्हता. पण पाऊस आणि व्याज यांचा हिशोब इकडेही निराळा नव्हता.

मग कर्ज असले तरी मनसोक्त खर्च करावा काय? नाही. जुन्या करारातील बेनसिराच्या ग्रंथात ह्याविषयी दोन जागा आहेत आणि त्या शेजारीशेजारी ठेवून वाचाव्यात. चौदाव्या अध्यायात तो सांगतो की आनंदाचा दिवस स्वतःपासून हिरावून घेऊ नका. अठराव्या अध्यायाच्या शेवटी तोच ज्ञानी माणूस बजावतो की थैलीत काही नसताना उसन्या पैशांवर मेजवान्या झोडून भिकारी होऊ नका. आनंदाला त्याची हरकत नाही, उसन्या आनंदाला आहे.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ह्याच मुद्द्यासाठी संत योहानाची एक गोष्ट सांगितली आहे. योहान शिष्यांबरोबर खेळत असलेला पाहून काही लोकांना ते खटकले. योहानाने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण मारायला सांगितले, पुन्हा पुन्हा मारायला लावले आणि विचारले, "असेच सतत चालू ठेवशील का?" तो म्हणाला, "तसे केले तर धनुष्य मोडेल." माणसाचे मनही तसेच आहे, असे योहानाने सांगितले. दोन वर्षांचे कर्ज फेडणाऱ्या घराला हे नीट लागू पडते. जे घर पहिले चार महिने चहात साखरसुद्धा घालत नाही, तेच पाचव्या महिन्यात वैतागून हप्त्यावर नवा मोबाईल आणते. घरभेटींत आम्ही हे अनेकदा पाहिले आहे.

आता हिशोब करू. समजा, एका कुटुंबाने ४०,००० रुपये वर्षाला २४ टक्के व्याजाने दोन वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता साधारण २,११५ रुपये येतो. हे कुटुंब दरमहा ३०० रुपये छोट्या आनंदासाठी ठेवते: रविवारची जिलेबी, लेकरांना आइस्क्रीम, कधी बांगड्या. हेच ३०० रुपये पहिल्या महिन्यापासून कर्जात भरले असते तर काय झाले असते? कर्ज पावणेचार महिने आधी फिटले असते आणि सुमारे १,७०० रुपये व्याज वाचले असते. ही रक्कम लहान नाही, मजुराच्या घरात तर नाहीच. पण दोन वर्षे घर हसतखेळत राहिले आणि एकही हप्ता चुकला नाही, ह्याची ती किंमत आहे. आमच्या मते ती देण्याजोगी आहे. (तीनशे हा आकडा काही पवित्र नाही. कुणाला शंभर झेपतील, कुणाला पन्नास.)

हेच कर्ज खासगी सावकाराचे, शेकडा पाचाचे असेल तर आमचे उत्तर बदलते. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. दहा हजारांवर महिन्याला पाचशे रुपये नुसते व्याज जाते आणि मुद्दल जागेवरच राहते. तेथे जिलेबी थांबवावी, आधी ते कर्ज उपटून काढावे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे सावकाराला परवाना लागतो. विनापरवाना सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते.

जो खर्च आपण मोजतच नाही त्याविषयीही बोलले पाहिजे. टपरीवर दिवसाला दोन चहा म्हणजे वीस रुपये, वर तंबाखूची दहाची पुडी. महिन्याचे नऊशे झाले. हा खर्च घरात कुणी 'हौस' म्हणत नाही. पण त्याच घरातल्या बाईने शंभराच्या बांगड्या घेतल्या की ती उधळी ठरते! बंधूंनो, हे न्यायाचे नाही. म्हणून छोट्या आनंदाची रक्कम नवरा-बायकोने एकत्र बसून ठरवावी, दोघांचा वाटा सारखा ठेवावा आणि टपरीचा चहा नवऱ्याच्या वाट्यात धरावा.

माणसे असा काटकसरीचा खर्च स्वतःहून ठरवू शकतात, ह्याला पुरावा आहे. हैदराबादमध्ये २००५ नंतर १०४ वस्त्यांत एक मोठा अभ्यास झाला. नोबेल पारितोषिक मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो त्यात होते. निम्म्या वस्त्यांत लहान कर्जे देणारी संस्था आधी आली. तेथील कुटुंबांचा पान-तंबाखू, दारू, बाहेरचे खाणे अशांवरचा खर्च घटला आणि घरात व धंद्यात टिकणाऱ्या वस्तूंवरचा वाढला. त्या कर्जांनी गरिबी हटली, असे मात्र त्या अभ्यासात दिसले नाही, हेही सांगितले पाहिजे.

मजुरी हाती येताच ज्वारी-तांदूळ, औषध, शाळा आणि हप्ता हे आधी बाजूला काढावे. मग लगेच आनंदाचे पैसे एका डब्यात ठेवावेत. महिनाअखेरीस उरले तर बघू, असे म्हणू नये, कारण उरत नाही. डब्यातले संपले की पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचे. डब्यासाठी उधारी नाही, हप्त्याची वस्तूही नाही. नाताळचे कपडे, पहिल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक, बाप्तिस्म्याचे जेवण हे अचानक येणारे खर्च नव्हेत, त्यांची तारीख आपल्याला आधीच ठाऊक असते. महिन्याला पन्नास टाकले तर वर्षाला सहाशे होतात.

गंगाखेड, पालम, सोनपेठकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट थोडी वेगळी आहे. मुकादमाची उचल एकदम हातात येते आणि ती कमाईसारखी वाटते. ते कर्जच असते, कोयत्याने फेडायचे. उचलीतून काही घेताना ती वस्तू रुपयांत न मोजता टनांत मोजावी: ह्या साडीसाठी किती ऊस तोडावा लागेल?

छोट्या कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होतील असे कर्ज कंपनीने देऊ नये. मुदतीआधी पैसे भरले तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर येता येत नाही. म्हणून कापसाचे पैसे आले की त्यातले मोठे भाग कर्जात आधीच भरावेत, डब्यात थोडे टाकावेत.

ज्यांना असा हिशोब मांडायचा आहे, त्यांनी येत्या रविवारी मिस्सेनंतर हप्त्याची कार्डे घेऊन सभागृहात थांबावे. पती-पत्नी दोघांनी यावे. चहा आमच्याकडून.