परसात सापडलेला दगड : जीवाश्म की नुसताच दगड?

विहिरीचे काम चालू असता, नांगरट करताना किंवा परसात खड्डा घेताना एखादा वेगळाच दगड हाती लागतो. कुणाला तो अंडे वाटतो, कुणाला हाड, कुणाला झाडाची मुळी. सभासद बंधू-भगिनींना तो ओळखता यावा म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

जीवाश्म म्हणजे गाळात गाडला जाऊन, खनिजे मुरून दगड बनलेला जुना प्राणी किंवा वनस्पती. आपल्यापैकी काहींच्या देवघरात तो आहेच. नेपाळातल्या गंडकीचा अस्सल शाळिग्राम फोडलेला असेल तर आत जे चक्र दिसते, ते समुद्रातल्या एका नामशेष प्राण्याच्या कवचाचे वळसे होत. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता. नर्मदेचा बाण मात्र जीवाश्म नव्हे. तो पाण्याने घोटलेला दगड.

आता आपल्या जमिनीकडे वळू. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातला काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हारस. तसल्या रसात हाड कसले टिकते! म्हणून दगड कशासारखा दिसतो हे नंतर पाहावे. आधी तो कोठून निघाला ते विचारावे. मुरमातून किंवा पाषाणातून निघाला असेल, तर तो जीवाश्म नसल्याचेच बहुधा ठरते.

मुरमातले गोल गोटे कांद्यासारखे पापुद्रे सोडतात. ती डायनासोरची अंडी नव्हेत, पाषाण कुजण्याची ती रीतच आहे. डायनासोरचे अवशेष पाहायचे तर चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुऱ्याला जावे लागेल. दगडाच्या चिरेवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते, ती मँगनीजची. पोकळीतले चमकदार स्फटिक आणि गारगोट्या याही खनिजेच. भोकाभोकांचा, काचेसारखा वितळलेला तुकडा आकाशातून पडला असे कुणी सांगेल, पण बॉयलरचा खंगर रस्त्यावर टाकतात, तो एकदा शेजारी धरून पाहावा.

सर्वांत फसवी चीज म्हणजे चुनखडीचे खडे. काळ्या जमिनीत चुना मुळीभोवती साचतो आणि हुबेहूब बोट किंवा हाड तयार होते. ठिबकच्या नळ्या धुवायच्या अॅसिडचा एक थेंब जपून टाकला की फसफसते. पण एवढ्यावर निकाल देऊ नये. खऱ्या जीवाश्मावरही चुना बसलेला असतो, तोही फसफसतो. मोडलेली बाजू पाहावी. खडा आतून एकजात, नाहीतर एकावर एक थर चढल्यासारखा असतो. हाडाला बाहेरून घट्ट कवच आणि आत बारीक जाळी असते, पावात असते तशी. हाड ताजे की जुने याची शंका असल्यास कडेला तापलेली सुई टेकवावी. ताज्या हाडाला जळक्या केसांचा वास येतो, दगड झालेल्याला येत नाही. हत्तीची दाढ तर चुकायचीच नाही. फळ्या उभ्या लावून सांधल्यागत पट्टे असतात.

हे हत्ती आले कोठून? नदीकाठच्या जुन्या गाळातून. आपला ऊस जिथे उभा आहे तिथेच, पिवळसर दरडीत आणि तिच्या तळच्या, चुन्याने घट्ट धरलेल्या गोट्यांच्या थरात. गोदावरीकाठी नांदूर मधमेश्वर येथे मिळालेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांबद्दल भूवैज्ञानिक गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली लिहिले. मांजरा खोऱ्यात पाणघोड्याचेही अवशेष मिळाले आहेत. पाणघोडा आज भारतात रानात कुठेच नाही, म्हणजे तेव्हाचे पाणी, गवत, सारेच वेगळे असणार.

हाच थर आज सर्वाधिक उकरला जातो, वाळूसाठी आणि जॅकवेलसाठी. यंत्राच्या बकेटमध्ये दाढ गेली की ती खडीबरोबर रस्त्यात पडते. शिवाय हाड जागेवरून हलले, की ते कोणत्या थरातले हे कळण्याची वाट बंद होते आणि त्याचे वय काढणे अवघड होऊन बसते.

तेव्हा दरडीत हाड दिसले तर पहारीने उचकटू नये. खुरपे शेजारी ठेवून फोटो घ्यावा, वरून किती फूट खोल आहे ते मोजून लिहावे. सुटून पडलेला तुकडा धुऊ नये, उन्हात ठेवू नये (भेगा पडतात), डिंक-फेव्हिकॉल तर नकोच. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, गट नंबर लिहिलेली चिठ्ठी आत घालावी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्व विभागाला कळवावे. प्राण्यांच्या जुन्या हाडांचा अभ्यास तिथे होतो.