मापाची काठी

जालन्याच्या कापडबाजारात आज कापड मीटरने मोजले जाते. तरीही लुगड्याला आपण ‘नऊवारी’च म्हणतो. एक वार म्हणजे तीन फूट. तेव्हा नऊ वारांचे सुमारे सव्वाआठ मीटर झाले. हा ‘वार’ शब्द पोर्तुगीज ‘वारा’ या शब्दावरून आला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. वारा म्हणजे काठी. पोर्तुगालचा शेजारी जो स्पेन देश, तेथेही लांबीचे मुख्य माप वारा हेच होते. तीन पावलांचा किंवा चार वितींचा एक वारा होई.

आपल्याकडे शिवकाळी जमीन मोजण्याची काठी पाच हात पाच मुठींची असे. वीस काठ्यांचा एक पांड आणि वीस पांडांचा एक बिघा. आता विचार करा. सारा बिघ्यावर ठरतो. मोजणाराने काठी चार बोटे आखूड घेतली, तर तेच शेत कागदावर मोठे होईल आणि शेतकऱ्याला अधिक सारा भरावा लागेल. कापडाच्या दुकानी आखूड काठीचा फटका गिऱ्हाइकाला! काठी कोणाच्या हाती आहे, यावर सारे अवलंबून.

स्पेनमध्ये तर प्रांतोप्रांती काठी निराळी. तेरुएल येथील वारा ७६.८ सेंटिमीटरांचा, तर आलिकान्ते येथील ९१.२ सेंटिमीटरांचा. दहा वारा कापड घेतले, तर एका ठिकाणी दुसऱ्यापेक्षा जवळजवळ दीड मीटर कमी मिळे. १५६८ साली दुसऱ्या फिलिप राजाने बुर्गोस नगराचा वारा, म्हणजे सुमारे ८३.६ सेंटिमीटर, प्रमाण म्हणून ठरविला. पण लोक आपापल्या काठ्या सोडीनात. अखेर १८४९ साली तेथे मीटरचा कायदा झाला.

तत्पूर्वीच, १८४४ साली, स्पेनच्या लोहमार्गाची रुंदी सहा पावले, म्हणजे दोन वारा ठरली होती. आपल्या रुंद लोहमार्गाची रुंदी इंग्रजी साडेपाच फूट. दोहोंत फरक अवघा चार मिलिमीटरांचा!

जालन्यास १९०० च्या सुमारास आलेली पहिली आगगाडी मात्र अरुंद मार्गावरून धावे. त्या रुळांमधील अंतर बरोबर एक मीटर होते, कारण १८७० च्या सुमारास हिंदुस्थानात मीटरची मापे येणार, असे सरकारला वाटले होते. मापांचा तो कायदा प्रत्यक्षात आला १९५६ साली. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात येथील अरुंद रूळ काढून रुंद रूळ टाकण्यात आले.