चेलोचं संगीत ट्रॉम्बोनवर : श्वास घ्यायचा कुठे?



ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम ही पितळी वाद्यं म्हटली की आपल्याला पटकन दोनच गोष्टी आठवतात : लग्नाची वरात आणि १५ ऑगस्टचं संचलन. शाळेच्या बँडमधला मुलगा बिगुलावर चार-पाच सूर शिकतो, कार्यक्रम झाला की बिगूल पुन्हा कपाटात जातो. "यावर आणखी काय वाजणार?" असं आपणच म्हणून मोकळे होतो. पण जगभरातले ट्रॉम्बोन, हॉर्न आणि ट्युबा वाजवणारे विद्यार्थी रोजच्या सरावात एक संगीत आवर्जून वाजवतात, आणि ते त्यांच्या वाद्यासाठी लिहिलेलंच नाही. ते आहे योहान सेबॅस्टियन बाख यांचं एकट्या चेलोसाठीचं संगीत. तारेवरचं हे संगीत फुंकून वाजवताना काय होतं, आणि त्यातून आपल्या वर्गासाठी काय मिळतं, ते आजच्या पाठात पाहू.

मूळ संगीत कोणतं?

युरोपच्या संगीतात साधारण १६०० ते १७५० या काळाला बरोक काळ म्हणतात. बाख (१६८५-१७५०) हे त्यातलं फार मोठं नाव. १७१७ ते १७२३ या काळात ते जर्मनीतल्या क्योथेनच्या दरबारात नोकरीला होते. चेलोसाठीचे सहा 'स्वीट' त्यांनी याच सुमारास लिहिले असं मानलं जातं. चेलो म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड. खुर्चीवर बसून, गुडघ्यांत धरून, गजाने वाजवायचं. प्रत्येक स्वीटमध्ये सहा भाग असतात. आधी प्रेल्यूड म्हणजे सुरुवातीचा मोकळा भाग, आणि मग नृत्यांच्या चालीवरचे पाच भाग. साथीला कोणी नाही. चार तारा आणि एक गज, बस्स.

बाख यांच्या स्वतःच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. त्यांची पत्नी आना माग्डालेना हिने केलेली नक्कल मात्र आहे. त्या नकलेत कोणते सूर एकाच गजात जोडायचे याच्या खुणा सगळीकडे सारख्या नाहीत. म्हणजे बघा, खुद्द चेलोवादकालाही पुष्कळ गोष्टी स्वतःच ठरवाव्या लागतात. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

पण असं करणं योग्य आहे का?

एका वाद्याचं संगीत दुसऱ्या वाद्यासाठी उतरवून घेणं, याला ट्रान्स्क्रिप्शन म्हणतात. "मूळ ते मूळ, बाकी सगळी नक्कल," असं म्हणणारे तिकडेही आहेत. पण बाख स्वतः काय करत होते? पाचवा चेलो स्वीट त्यांनी स्वतःच ल्यूट या वाद्यासाठी उतरवला. विवाल्दीचा चार व्हायोलिनचा कॉन्चेर्टो त्यांनी चार हार्पसिकॉर्डसाठी बांधला. आणि एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेला एक प्रेल्यूड १७३१ मध्ये त्यांनी चर्चच्या एका रचनेच्या सुरुवातीला घेतला. तिथे व्हायोलिनची धावती ओळ ऑर्गनला दिली आणि सोबत तीन ट्रम्पेट आणि नगारे उभे केले! संगीत एका वाद्यातून दुसऱ्यात नेणं हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता.

मग त्यांनीच हे चेलोचं संगीत पितळी वाद्यांना का दिलं नाही? त्या काळच्या ट्रम्पेट-हॉर्नला व्हॉल्व्ह, म्हणजे दाबायच्या कळा, नव्हत्या. व्हॉल्व्हचं पेटंट झालं १८१८ मध्ये. त्याआधी नळीतून निसर्गतः निघणारे तेवढेच सूर हाताशी असत. ट्रॉम्बोनला नळी सरकवायची सोय होती, पण तो बहुधा चर्चमधल्या गायकांच्या आवाजाला आधार द्यायला वापरत. पुढे वाद्यं सुधारली आणि वादकांची नजर या संगीताकडे वळली. फ्रेंच ट्रॉम्बोनवादक आंद्रे लाफोस यांची ट्रॉम्बोनसाठीची आणि अमेरिकन हॉर्नवादक वेंडेल हॉस यांची हॉर्नसाठीची आवृत्ती विद्यार्थ्यांच्या हातात पडली.

अडचणी काय येतात?

पहिली अडचण, चेलोवर दोन-तीन-चार सूर जवळजवळ एकत्र वाजवता येतात. ट्रॉम्बोनवर एका वेळी एकच. मग निवड करावी लागते. कोणी खालचे सूर भरभर वाजवून वरच्या सुरावर थांबतो, कोणी फक्त सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर ठेवतो, मधले सोडून देतो. काय सोडलं तरी अर्थ टिकेल, हे ठरवायला आधी अर्थ कळावा लागतो. (पाचव्या स्वीटमधल्या साराबांद या भागात असे एकत्र सूर मुळीच नाहीत. त्यामुळे तो पितळी वाद्यांना सोयीचा, पण सुरांच्या उड्या मोठ्या असल्याने सोपा नाही.)

दुसरी, सूर जोडणं. चेलोवादक एका गजात कितीतरी सूर सलग ओढतो. ट्रॉम्बोनची नळी फुंकता फुंकता सरकवली तर दोन सुरांच्या मध्ये घसरगुंडी ऐकू येते. ती टाळायला जिभेने अगदी हलकेच 'दा' किंवा 'ला' म्हणत सूर वेगळा करावा लागतो. तबल्याचे बोल आधी तोंडाने म्हणतात ना, तसंच आहे हे.

तिसरी, थकवा. चेलोची तार थकत नाही, वादकाचे ओठ थकतात. नृत्याच्या भागांत प्रत्येक अर्धा भाग दोनदा वाजवायचा असतो. पितळी वाद्यावर सराव करताना पुनरावृत्ती गाळली तरी काही बिघडत नाही.

आणि सर्वांत मोठी अडचण श्वासाची. तिच्याकडे जरा सविस्तर पाहू.

श्वास घ्यायचा कुठे?

पहिल्या स्वीटचा प्रेल्यूड घ्या. यात ४२ बार आहेत. बार म्हणजे आपल्या आवर्तनासारखा ठरावीक मात्रांचा तुकडा. जवळजवळ प्रत्येक बारमध्ये सोळा सूर, एकामागून एक. मध्यावर, २२ व्या बारमध्ये एक सूर लांबवायची खूण आहे, पण विश्रांतीची जागा अशी कुठेच नाही. वाजवायला साधारण दोन-तीन मिनिटं लागतात. चेलोवादक वाजवता वाजवता निवांत श्वास घेतो, गज चालूच राहतो. ट्रॉम्बोनवादकाचा गज म्हणजे त्याचा श्वास. तो संपला की संगीत थांबलं!

नवा विद्यार्थी काय करतो? दम संपेल तिथे श्वास घेतो. ऐकणाऱ्याला लगेच कळतं, कारण वाक्य मधेच तुटतं. थोडा पुढे गेलेला विद्यार्थी बार संपला की श्वास घेतो. कागदावर ते नीटनेटकं दिसतं, पण कानाला खटकतं. का? या प्रेल्यूडमध्ये नव्या बारचा पहिला सूर हा मागच्या वाक्याचा मुक्कामही असतो. आपल्याकडे तिहाई समेवर येऊन संपते. सम ही नव्या आवर्तनाची पहिली मात्रा, पण मागचं सगळं तिथे पोचल्यावरच पूर्ण होतं. समेच्या आधी कोणी थांबला तर आपण चुळबुळ करू. म्हणून अनेक वादक बारचा पहिला सूर वाजवून, तिथे पोचून, मग श्वास घेतात.

श्वासाला वेळ लागतो, तो कुठून काढायचा? श्वासाआधीचा सूर किंचित आखूड करायचा, किंवा तिथे लय जराशी सैल सोडायची. पुढचा सूर धडपडत आला की सगळं फसलं. म्हणजे श्वास ही नुसती शरीराची गरज राहत नाही, तो विरामचिन्हासारखा अर्थ सांगतो. चेलोवादकाला हे ठरवायची सक्ती नसते. पितळी वाद्याला असते, आणि म्हणूनच हे संगीत त्या विद्यार्थ्यांचं उत्तम शिक्षक ठरतं. वाद्याची मर्यादाच त्यांना विचारायला लावते : वाक्य खरोखर कुठे संपतं?

आता आपला भाषेचा वर्ग आठवा. धडा वाचताना मुलं कुठे थांबतात? बहुतेकदा दम संपेल तिथे, नाहीतर छापील ओळ संपेल तिथे. कविता वाचतानाही तेच. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरावर यती येतो हे परीक्षेसाठी पाठ असतं, पण मोठ्याने म्हणताना तिथे थांबून पाहिलेलं नसतं. दुखणं तेच, म्हणून औषधही तेच.

आणि बिगुलाचं काय?

या प्रेल्यूडचे पहिले आठ सूर आपल्या सरगममध्ये असे : सा, प, वरचा ग, वरचा रे, वरचा ग, प, वरचा ग, प. आता बिगुलाकडे या. त्याला कळा नाहीत. ओठांच्या ताणावर निघणारे सूर तेवढेच : सा, प, वरचा सा, वरचा ग, वरचा प. ताडून बघा. आठपैकी सात सूर बिगुलावर आहेत, फक्त 'रे' नाही! हेच सूर मूळ पट्टी बदलून ट्रॉम्बोनच्या स्वतःच्या पट्टीत घेतले, तर एका 'रे'साठी तेवढी नळी हलवावी लागते.

अख्खा प्रेल्यूड बिगुलावर वाजणार नाही, हे उघड आहे. पण ज्या मुलाला आपण "यावर सलामीच वाजते" असं सांगतो, त्याच्या हातात बाखच्या पहिल्या ओळीचे सात सूर आधीच आहेत. हे त्याला कोणीतरी सांगायला हवं ना?

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. हा प्रेल्यूड आधी चेलोवर ऐकवा, मग ट्रॉम्बोन किंवा हॉर्नवर. दुसऱ्या वेळी मुलांनी प्रत्येक श्वासाला बोट वर करायचं. मग विचारा, "कुठला श्वास खटकला? का?"

२. धड्यातला एक परिच्छेद विरामचिन्हं काढून फळ्यावर लिहा. गटांनी श्वासाच्या जागा ठरवून मोठ्याने वाचायचं. दोन गटांच्या जागा वेगळ्या आल्या तर फारच छान, त्यांना कारणं सांगू द्या.

३. पेटीवर वाजणारी एखादी ओळखीची चाल बासरीवर किंवा शिट्टीने वाजवायला सांगा. काय सोडावं लागलं आणि काय सोडून चाललं नसतं, याची यादी करा.

४. पालकांसाठी : मूल पितळी वाद्य शिकत असेल तर "सलग तासभर बस" असं म्हणू नका. जितका वेळ वाजवलं, जवळपास तितकीच ओठांना विश्रांती द्या. त्या वेळात ओळ गुणगुणू द्या आणि श्वासाच्या जागा पेन्सिलने लिहू द्या. तोही सरावच आहे.

पुढच्या वेळी शाळेचा बँड सरावाला उभा राहील तेव्हा त्या मुलांना "जोरात वाजवा" सांगण्याआधी एवढंच विचारून बघा : "तू श्वास कुठे घेतोस, आणि तिथेच का?" उत्तर द्यायला त्यांना आधी स्वतःचं वाजवणं ऐकावं लागेल.