चार इंचांचा टीव्ही

टीव्हीसाठी मेनू आखणाऱ्याला पहिला चकवा देतो तो पडद्याचा आकार. 40 इंची टीव्ही दहा फुटांवरून पाहिला, तर डोळ्याला तो फूटभर अंतरावर धरलेल्या 4 इंची पडद्याएवढा भरतो. मोबाइल त्याच अंतरावर 6 इंचांचा असतो. हे साधे त्रैराशिक न मांडता आपण टेबलाशी, दीड फुटावरच्या मॉनिटरसमोर बसतो आणि जागा दिसली की भरत सुटतो. या चुकीचा धनी मीही आहे, म्हणून सांगतो: मेनू कोचावर बसून तपासा. मराठीत तर जास्तच, कारण इंग्रजीच्या मापाने ओळी बसवल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. त्यात जुन्या सेट-टॉप बॉक्सच्या 576 ओळींच्या चित्रात सम-विषम ओळी आळीपाळीने उमटतात. एकाच ओळीवर बसलेली आडवी रेघ सेकंदाला 25 वेळाच उजळते आणि थरथरते. आपली शिरोरेखा ही आडवी रेघच! तिथे नाजूक फॉन्ट घेणे म्हणजे हौसेने डोळे दुखवणे.

अक्षरे मोठी केली तर पडद्यावर मावणार काय, असे कोणी विचारेल. कमीच मावेल, आणि तेच बरे, कारण मावलेल्या प्रत्येक गोष्टीपर्यंत रिमोटच्या चार बाणांनी चालत जावे लागते. सहा गुणिले सहा चौकटींच्या कीबोर्डवर एका अक्षराला सरासरी पाच वेळा बटण दाबावे लागते. आठ अक्षरी नावाला चाळीस. देवनागरीच्या मुळाक्षरांवर काना-मात्रा चढवल्या की हिशेब आणखी फुगतो. तेव्हा शोधापेक्षा ‘नुकतेच पाहिलेले’ पहिल्या ओळीत द्या.

आता बोलून शोधता येते, हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. कित्येक साध्या रिमोटना माइक नाही, आणि असला तरी बोलल्यावर समोर पाच नावे येतात, त्यांतले एक बाणांनीच गाठायचे असते. त्या क्षणी आपण कुठे उभे आहोत हे दिसले पाहिजे. ‘हो’ पिवळे आणि ‘नाही’ निळे, एवढ्यावर भागवणारे पडदे सर्रास दिसतात. यांतले निवडलेले कोणते? चौकट मोठी करा, तिला ठळक कड द्या. नाहीतर माणूस एकदा बाण दाबून काय हलते ते पाहतो, आणि मग ओके दाबतो.