पावसाळ्यानंतर भकभकणारे इंजिन

प्रश्न: आम्ही कर्जतचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी. शर्यतीच्या गाडीला बाइकचे एक सिलिंडरचे इंजिन बसवले आहे. जूनपासून गाडी शेडमध्ये होती. आता सुरू होते, पण रेस दिली की भकभकते. इंजेक्टर बदलावा का?

उत्तर: एवढ्यात नको. आधी टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. हल्ली त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते आणि पाणी फार झाले की तळाशी वेगळा थर बसतो. कर्जत-खालापूरचा पाऊस, त्यात अर्धी टाकी. दुसरे काय होणार! मग इंजेक्टरचा प्लग काढा, पिनांवर हिरवट गंज दिसतो का बघा. मल्टिमीटरवर साधारण १२ ओहम आले तर कॉइल शाबूत. शेवटी फवारा तपासा: धुक्यासारखा हवा, धार नको. हे मात्र उघड्यावर, अग्निशामक हाताशी ठेवूनच.